कार्डावरचा गोठा

जानेवारी उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या इमारतीत टपालपेट्यांच्या खोलीतलं रद्दीचं निळं पिंप ओसंडायला लागतं. महिनाभर फ्रीजवर, दाराच्या चौकटीवर लावलेली नाताळची कार्डं लोक काढतात आणि तिथे आणून टाकतात. बँकेचं कार्ड, दातांच्या डॉक्टरांचं, विमा एजंटाचं, कुण्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाचं. दुसऱ्या मजल्यावर गोव्याच्या एक काकू राहतात. त्या आठवड्यात त्या रोज एकदा खाली येतात आणि पिंपात हात घालून कार्डं चाळतात. बर्फातली घरं, लाल टोपीतला सांता, सोनेरी चांदण्या तशाच राहू देतात. मारियेचं आणि बाळ येशूचं चित्र असलेलं कार्ड सापडलं की ते स्वेटरच्या बाहीनं पुसून पिशवीत ठेवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, हे काय करताय? म्हणाल्या, “सायबिणीला कचऱ्यात टाकू नये गो.” सायबीण म्हणजे त्यांची मारिया माता.

पुढे काही विचारायची गरज पडली नाही. आमच्याकडे लग्नघरात उरलेल्या पत्रिकांचं हेच होतं. पत्रिकेच्या माथ्यावर गणपती असतो, खाली कुलदेवतेचं नाव असतं, आणि शंभर पत्रिका उरल्या तरी त्या रद्दीवाल्याला देताना हात अडखळतो. माझी आई कात्री घेऊन बसायची. गणपतीचा तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवायची आणि अनंत चतुर्दशीला निर्माल्याबरोबर सोडायची. छापखान्यातून चित्र क्षणात बाहेर पडतं. ते सांभाळायची जबाबदारी मात्र ज्याच्या घरी येतं त्याच्यावर पडते.

अमेरिकेत दर डिसेंबरला ठरल्यासारखा एक वाद उठतो. राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, महापौर यांच्या नावानं जी शुभेच्छापत्रं निघतात त्यांवर काय असावं? येशूजन्माचा गोठा असावा की बर्फ आणि पाइनच्या फांद्या? ‘मेरी ख्रिसमस’ लिहावं की ‘हॅपी हॉलिडेज’? एक बाजू म्हणते, सणातून देवच काढून टाकला. दुसरी म्हणते, सरकारला देव नसतो. वीस-बावीस वर्षं मी हा वाद बाहेरून ऐकत आले. आता या देशाची नागरिक आहे, तेव्हा माझं मत सांगते. सरकारी कार्डावर सणाचं नाव खुशाल असावं, मोठ्या अक्षरात असावं. पूजेची मूर्ती आणि धर्मग्रंथातलं वचन त्यावर नसावं. आणि हे मी काकूंच्या बाजूनं म्हणते आहे, ज्यांना ते चित्र टाकवत नाही त्यांच्या बाजूनं.

२००५ सालच्या कार्डापासून सुरुवात करते, कारण माझ्या डोळ्यांसमोर गाजलेला हा पहिला वाद. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या व्हाइट हाउसनं त्या वर्षी सुमारे १४ लाख कार्डं पाठवली. चित्रकार जेमी वायथ यांचं चित्र होतं: बर्फानं झाकलेलं व्हाइट हाउस, समोर बुश कुटुंबाची पाळीव जनावरं. आत शुभेच्छा होत्या त्या ‘हॉलिडे सीझन’च्या. ‘ख्रिसमस’ हा शब्द नव्हता. बुश स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, त्यांना निवडून आणण्यात चर्चला जाणाऱ्या मतदारांचा मोठा वाटा. त्यामुळे ज्यांनी त्यांना मतं दिली तेच चिडले. कॅथलिक लीग या कॅथलिकांच्या संघटनेचे विल्यम डोनोह्यू यांनी जाहीर टीका केली, आणखी काहींनी कार्ड कचऱ्यात टाकल्याचं सांगितलं. व्हाइट हाउसकडून उत्तर आलं की राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी ख्रिसमसच साजरा करतात, पण कार्डं सगळ्या धर्मांच्या लोकांना जातात.

मला त्या गदारोळात वेगळीच गोष्ट खटकली. ज्या कार्डावरून ‘ख्रिसमस’ गाळला होता, त्याच कार्डात बायबलमधल्या अठ्ठाविसाव्या स्तोत्राची ओळ छापलेली होती. परमेश्वर माझं बळ आहे, माझी ढाल आहे, माझं मन त्याच्यावर विसंबून आहे, अशा अर्थाची. म्हणजे सणाचं नाव काढलं आणि प्रार्थना ठेवली! माझ्या लेखी हे अगदी उलटं झालं. ‘नाताळच्या शुभेच्छा’ म्हणण्यात सरकार एवढंच सांगतं की आपल्यातले पुष्कळ लोक आज सण साजरा करताहेत, त्यांना आनंद लाभो. त्यात कुणाला काही मानावं लागत नाही. स्तोत्र मात्र प्रथमपुरुषी आहे. ‘माझा’ परमेश्वर. ते छापणारा आपल्या वतीनं उभा राहून हात जोडतो, आणि छापणाऱ्याच्या हाती राज्याची मुद्रा असेल तर तो सगळ्यांच्या वतीनं हात जोडतो. ज्यांनी वाद घातला ते गेलेल्या शब्दासाठी भांडले. राहिलेल्या वचनाबद्दलही बोलायला हवं होतं.

नाव घ्यायला सरकारनं लाजण्याचं काहीच कारण नाही. १८७० साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीनं कायदा झाला आणि २५ डिसेंबरला केंद्र सरकारची सुट्टी मिळाली. ज्या दिवसासाठी कचेऱ्या बंद ठेवायच्या त्या दिवसाचं नाव उच्चारायचं नाही, हे कुणालाच पटणारं नाही. इथल्या यहुदी, मुसलमान, हिंदू शेजाऱ्यांपैकी ‘मेरी ख्रिसमस’ म्हटल्यावर दुखावलेलं मी कुणाला पाहिलं नाही. साताऱ्याला आमच्या शेजारचे बागवान चाचा दिवाळीला बाबांना मिठी मारून ‘दिवाळी मुबारक’ म्हणायचे. तेव्हा ना त्यांचा धर्म उणा झाला, ना आमचा. सणाचं नाव घेऊन शुभेच्छा देणं ही शेजारधर्माची गोष्ट आहे. सरकारनंही ती पाळावी, आणि ज्याच्या त्याच्या सणाला ज्याचं त्याचं नाव घेऊन पाळावी.

पण ‘पूर्वी सगळं धार्मिक होतं आणि हल्लीच्या लोकांनी ते पुसून टाकलं’ ही जी तक्रार ऐकू येते, ती इतिहासाला धरून नाही. ज्याला व्हाइट हाउसचं पहिलं अधिकृत ख्रिसमस कार्ड म्हणतात ते १९५३ चं, राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या काळातलं. छापलं हॉलमार्क कंपनीनं. त्यावर राष्ट्राध्यक्षांची मुद्रा होती आणि शब्द होते ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’. गोठा नाही, तारा नाही, ख्रिसमसचं नावसुद्धा नाही. आणि हे आयझेनहॉवर कोण? ज्यांच्या कारकिर्दीत, १९५४ साली, शाळकरी मुलांच्या प्रतिज्ञेत ‘देवाच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द घातले गेले. ज्यांनी १९५६ साली ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे राष्ट्राचं ब्रीदवाक्य करणाऱ्या कायद्यावर सही केली. साम्यवादी रशियाशी शीतयुद्ध चालू होतं आणि देवाचं नाव राष्ट्राच्या कागदावर आणायची घाई होती. त्या काळातल्या, त्या माणसाच्या कार्डावरही निव्वळ ऋतूच्या शुभेच्छा होत्या. त्याच्याही मागे गेलं तर मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात ख्रिसमस साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तो दंड लावणारे लोक नास्तिक नव्हते, कडवे ख्रिस्ती होते.

आता एका कार्डाबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठी अडचण त्याचीच आहे.

१९६३ च्या नाताळसाठी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी आणि त्यांच्या पत्नी जॅकलीन यांनी जे कार्ड निवडलं त्यावर येशूजन्माच्या देखाव्याचा फोटो होता. व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये मांडलेला, अठराव्या शतकातला, इटलीत नेपल्सला घडवलेला गोठा. तिथल्या कारागिरांची ती जुनी कला. भाजलेल्या मातीची तोंडं, खऱ्या कापडाचे कपडे, देवदूतांच्या अंगावर वाऱ्यानं उडाल्यासारख्या चुण्या. शुभेच्छा होत्या ‘धन्य ख्रिसमस’च्या. टेक्सासच्या दौऱ्यावर निघण्यापूर्वी नवराबायकोनी काही थोड्या कार्डांवर सह्या केल्या होत्या. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. कार्डं टपालात पडलीच नाहीत.

त्या कार्डाचं छायाचित्र मी पुष्कळदा पाहिलं आहे. सुंदर आहे. आणि हेच केनेडी तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९६० मध्ये, ह्यूस्टनच्या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे उभे राहून सांगून आले होते की चर्च आणि राज्य यांतली फारकत संपूर्ण असलेल्या अमेरिकेवर माझा विश्वास आहे. कॅथलिक माणूस राष्ट्राध्यक्ष झाला तर देश पोपच्या सल्ल्यानं चालेल, ही भीती तेव्हा उघड बोलली जात होती. ते उत्तर त्यांना द्यावं लागलं. मग त्याच माणसानं कार्डावर गोठा घातला, यात विसंगती आहे का? मी यावर पुष्कळ विचार केला. हाताच्या सहीनं, ओळखीपाळखीच्या माणसांना पाठवायचं कार्ड हे घराचं कार्ड. राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून माणसाच्या घरातला देव्हारा उठवून न्यायचा नसतो. त्यानं मित्रांना काय पाठवायचं ते त्याचं त्यानं ठरवावं. पण १४ लाख कार्डं कुठल्याही घरातून जात नाहीत. त्यावरची सही छापील असते, पत्त्यांच्या याद्या कचेरीत बनतात. इथे दाखवून देण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे: २००५ च्या त्या कार्डांचा खर्च बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीनं केला होता, सरकारी तिजोरीनं नाही. डेमोक्रॅट्सच्या वेळी त्यांचा पक्ष करतो. म्हणजे कायद्यानं बोट ठेवायला जागा उरत नाही. पण पाकीट फोडणाऱ्याला वर दिसतं ते व्हाइट हाउस. त्याला ते कार्ड देशाकडून आलेलं असतं. म्हणून मी रेघ ओढते ती पैशापाशी ओढत नाही. कार्ड घराचं म्हणून वाचलं जातं की राज्याचं, तिथे ओढते. केनेडींचं कार्ड त्या रेघेच्या जेमतेम अलीकडे पडतं, असं माझं मत. पलीकडे पडतं असं कुणी म्हणालं तर मी फार ताणणार नाही.

आणि मूर्तीचं काय होतं ते आता पाहू. ऱ्होड आयलंड राज्यात पॉटकेट नावाचं गाव आहे. तिथली नगरपालिका व्यापाऱ्यांच्या संघाबरोबर दर नाताळाला बाजारपेठेतल्या बागेत सजावट करत असे. त्यात सांताचं घर, घसरगाडी ओढणारे रेनडिअर, रंगीत पट्ट्यांचे खांब, विदूषक, हत्ती आणि अस्वल यांचे कापीव पुठ्ठे, ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’चा फलक आणि या सगळ्यात येशूजन्माचा गोठा. गोठ्यातल्या मूर्ती नगरपालिकेनं १९७३ साली १,३६५ डॉलरला घेतल्या होत्या. उभा करायला आणि उतरवायला वर्षाला २० डॉलर खर्च. कोर्टात खटला गेला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी नगरपालिकेच्या बाजूनं निकाल दिला. कारण काय? तर गोठा एकटा नाही. आजूबाजूला रेनडिअर आहेत, विदूषक आहे. सगळं मिळून सणासुदीची सजावट होते.

ज्यांना गोठा हवा होता त्यांनी या निकालाचं स्वागत केलं. मला तो वाचताना त्यांच्यासाठीच वाईट वाटलं. ज्या मूर्तीपुढे काकू गुडघे टेकतात ती मूर्ती कोर्टात जिंकली ती पुठ्ठ्याच्या हत्तीच्या आधारानं. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी विरोधी मत लिहिलं, त्यात हे नेमकं पकडलं आहे. त्यांचं म्हणणं असं की या निकालानं गोठा हा सणाची वर्दी देणारा, व्यापाराला उपयोगी, स्वतःचा अर्थ हरवलेला देखावा ठरतो. तिथे ख्रिस्ती माणसाला त्याचा अर्थ बोलून दाखवता येत नाही आणि इतरांना परकं वाटतं. पवित्र चिन्हाचा हा गैरवापर आहे, असे त्यांचे शब्द आहेत. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, पिट्सबर्गच्या न्यायालयाच्या जिन्यावर एकटाच मांडलेला गोठा घटनाबाह्य ठरला, आणि तिथल्याच दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी ख्रिसमस ट्रीशेजारी उभा केलेला १८ फुटी मेनोरा, म्हणजे यहुद्यांचा दीपवृक्ष, चालला. तेव्हापासून लोक त्याला ‘प्लास्टिकच्या रेनडिअरचा नियम’ म्हणतात. देव एकटा आला तर बाहेर, खेळण्यांबरोबर आला तर आत.

मराठी वाचकाला हे समजवायला मला पॉटकेटला जायची गरज नाही. आपल्या शहरांत जुन्या इमारतींच्या जिन्यांत, वळणावरच्या कोपऱ्यांत देवांच्या टाइल्स बसवलेल्या असतात. गणपती, साईबाबा, मक्का, क्रूस, गुरू नानक, ओळीनं. लोकांनी तिथे पान खाऊन थुंकू नये म्हणून. बसवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, आणि थुंकणं थांबतंही. पण देव तिथे कशाला आहे? भिंत राखायला. लहानपणी दवाखान्याच्या जिन्यात अशी एक टाइल होती, तिच्यावर विठोबाच्या कमरेवरच्या हाताला चुन्याचे डाग पडले होते, आणि माझी आजी तिथून जाताना दर वेळी थांबून पदरानं ते पुसायची. डाग जात नसत. देवाला कामाला लावलं की त्याचं काय होतं ते मी तिथे पाहिलं, आणि सरकारी कार्डावरचा देवही कामालाच लावलेला असतो. मतदार आपला वाटावा, पाठवणारा धार्मिक वाटावा, हे ते काम. आपल्याकडच्या फ्लेक्सवर तर ते लपतही नाही. ‘गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा’, कोपऱ्यात हातभर गणपती, आणि बाकीच्या फलकभर शुभेच्छुकांचे चेहरे.

हा विचार माझ्या डोक्यातून निघालेला नाही, आणि देव न मानणाऱ्यांचा तर मुळीच नाही. पॉटकेट ज्या ऱ्होड आयलंडमध्ये आहे, ती वसाहत रॉजर विल्यम्स यांनी १६३६ साली वसवली. मॅसॅच्युसेट्समधून त्यांना हद्दपार केलं होतं. ते धर्मोपदेशक होते, धर्माच्या बाबतीत अतिशय कडक. चर्च ही बाग आहे आणि जग हे रान, या दोहोंमधलं कुंपण मोडलं तर बागेचं रान होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कुंपण हवं ते बाग वाचवण्यासाठी. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी ज्या पत्रात ‘फारकतीची भिंत’ हे शब्द वापरले, तेही डॅनबरी गावच्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना लिहिलेलं पत्र होतं. कनेक्टिकट राज्यात वेगळ्याच चर्चला राजाश्रय होता आणि हे भाविक लोक आपल्या उपासनेच्या स्वातंत्र्याची काळजी करत होते. आज याच बॅप्टिस्ट परंपरेतले किती लोक गोठा कचेरीत हवा म्हणून भांडतात, आणि आपल्याच पूर्वजांनी काय मागितलं होतं ते विसरतात, याची मला खंत वाटते.

‘पण एका कार्डानं कुणाचं काय बिघडतं?’ हा प्रश्न मला माझ्याच घरात विचारला गेला आहे. बिघडतं ते असं. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी आम्ही सत्तरएक जण एका सभागृहात उभे होतो. शपथेच्या शेवटी ‘देवा, मला साहाय्य कर’ अशा अर्थाचे शब्द येतात. ज्याला म्हणायचे नसतील त्याला ते गाळायची मुभा आहे. मी म्हटले. माझ्या शेजारचा माणूस गप्प राहिला. कुणी वळून पाहिलं नाही. बाहेर आल्यावर आम्हा दोघांच्या हातांत सारखीच पाकिटं होती, त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं सारखंच पत्र होतं, छोटा झेंडा होता. त्या पत्रात कुठल्या धर्माचं चित्र असतं तर आमच्यापैकी एकाला ते पत्र दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त मिळालं असतं. पॉटकेटच्या खटल्यात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी बहुमताबरोबर राहूनही हे लिहिलं होतं: सरकारनं एका धर्माला दुजोरा दिला की तो न मानणाऱ्यांना ‘तुम्ही बाहेरचे, पुरते सदस्य नाही’ असा निरोप जातो आणि मानणाऱ्यांना ‘तुम्ही आतले’ असा. निकालाशी माझं पटत नाही, पण हे वाक्य मला त्या सभागृहातल्यासारखं वाटतं.

इथे कुणी विचारेल, मग टपालाच्या तिकिटांचं काय? ती तर सरकारचीच, आणि त्यांवर मारिया आहे! आहे, आणि मला ती हवी आहे. अमेरिकेनं पहिलं ख्रिसमस तिकीट काढलं १९६२ साली, चार सेंटचं, त्यावर दारावरचं फांद्यांचं कडं आणि दोन मेणबत्त्या. १९६६ साली हान्स मेमलिंग या जुन्या चित्रकाराची बाळासह मारिया तिकिटावर आली आणि तक्रारी सुरू झाल्या, खटला गुदरला. पण १९७० पासून टपाल खात्यानं मार्ग काढला. एक तिकीट धार्मिक, एक साधं, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. १९९४ मध्ये मारियेचं तिकीट बंद करायचा विचार झाला तेव्हा ओरड होऊन तो मागे घ्यावा लागला, आणि बरं झालं. १९९६ मध्ये यहुद्यांच्या हानुका सणाचं तिकीट आलं, १९९७ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या क्वांझा सणाचं. १ सप्टेंबर २००१ ला ईदचं आलं, निळ्यावर सोनेरी अक्षरांत, मोहम्मद झकारिया या सुलेखनकाराचं. दहा दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, ते तिकीट मागे घ्या अशी मागणी झाली, आणि टपाल खात्यानं ते घेतलं नाही. ५ ऑक्टोबर २०१६ ला दिवाळीचं आलं. त्यासाठी भारतीयांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या. न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत त्याचं प्रकाशन झालं. त्यावर लक्ष्मी नाही. एक पणती आहे, सोनेरी पार्श्वभूमीवर, आणि दिवाळीचं नाव. आम्हा कुणाला ते उणं वाटलं नाही. लक्ष्मीच्या पायाखाली शाईचा शिक्का पडला असता तर वाटलं असतं.

तिकीट आणि कार्ड यांत फरक आहे तो एवढाच, आणि माझ्या मते सगळा फरक त्यातच आहे. तिकीट मी खिडकीशी जाऊन मागते. मारियेचं मागणारी माणसं मारियेला ओळखून मागतात आणि आपल्या माणसाला पाठवतात. सरकार तिथे दुकानदार असतं, यजमान नसतं. कार्ड मात्र मी न मागता येतं, आणि ते पाठवणाऱ्याच्या तोंडचं बोलणं असतं.

माझ्या म्हणण्यानं कार्डं निर्जीव होतील, सगळीकडे नुसता बर्फच बर्फ होईल, ही भीती मला खोटी वाटत नाही. ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ हे शब्द मलाही कोरडे वाटतात. ऋतूला कोण शुभेच्छा देतं? पण कोरडेपणावर उपाय देव छापणं हा नाही. नाव लिहा, मनापासून लिहा. २००३ पासून व्हाइट हाउसमध्ये दिवाळी साजरी होते, २००९ साली बराक ओबामांनी स्वतः समई पेटवली. तेव्हा इथल्या मराठी मंडळांत ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं, माझ्या ओळखीच्या एका आजींनी तर हात जोडले. त्या हात जोडण्यानं मी जरा अस्वस्थही झाले, ते लपवत नाही. आपल्या सणाला मान मिळाला की आपणही सरकारी दिव्याला देवघरातला दिवा समजायला लागतो. जो नियम दुसऱ्याच्या गोठ्याला लावायचा तो आपल्या समईला लावणं जड जातं. समई पेटवणं हे सणाचं नाव घेण्यासारखंच आहे, म्हणून मला ते चालतं. उद्या कुणी व्हाइट हाउसच्या कार्डावर आमच्या लक्ष्मीचं चित्र छापून १४ लाख घरी पाठवायचं म्हटलं, तर मी त्याला नको म्हणेन. जानेवारीत त्या १४ लाख लक्ष्म्या कुठे जातील ते मला माहीत आहे.

भारताचं गणित वेगळं आहे आणि मी इथलं मोजमाप तिकडे जसंच्या तसं लावत नाही. आपल्या संविधानाच्या मूळ हस्तलिखितात नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी काढलेली चित्रं आहेत. राम, सीता, लक्ष्मण आहेत, बुद्ध आणि महावीर आहेत, अकबर आहे, छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंगही आहेत. तो एका देशाचा दीर्घ इतिहास पानापानांवर मांडलेला आहे. ते कुणा मंत्र्याचं शुभेच्छापत्र नाही.

इथे आता कायद्याचा आधारही पातळ होत चालला आहे. २०२२ साली ब्रेमर्टनच्या शाळेतल्या, सामन्यानंतर मैदानात प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ओकॉनर यांची दुजोऱ्याची ती जुनी कसोटी बाजूला सारली आणि परंपरा, इतिहास पाहायला सांगितलं. त्यामुळे पुढच्या काळात कार्डावर काय छापायचं ते कोर्ट फारसं सांगणार नाही. ते कचेरीत बसलेल्या, नमुने पसरून एकावर बोट ठेवणाऱ्या माणसाला ठरवावं लागेल. त्याच्यापर्यंत काकूंचं म्हणणं पोचावं म्हणून हा खटाटोप.

गेल्या वर्षी काकू मुलीकडे टेक्सासला राहायला गेल्या. डिसेंबरात मी पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, साधं हवं की धार्मिक? दिवाळीच्या तिकिटांची अर्धी पट्टी पर्समध्ये होती, तरी मी मारियेची घेतली. काकूंना कार्ड पाठवलं. आत माझ्या हातानं चार ओळी लिहिल्या, वर ते तिकीट लावलं. नव्या वर्षात त्यांचा फोन आला. कार्ड मिळालं, म्हणाल्या, नात शाळेत जाते, थंडी तिथे अशी नाही. मग सांगितलं की पाकिटाचा कोपरा कात्रीनं कापून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आहे. शिक्क्याच्या दोन काळ्या रेघा सायबिणीच्या खांद्यावरून गेल्या आहेत, पण तोंड स्वच्छ आहे.